जुन्या इंजिनांचं टायमिंग आणि सलीमभाईचा कान

गॅरेजवाल्याजवळ किस्से कसे जमतात, सांगू? गाडी खोलली की मालकाला बसून राहावं लागतं. पहिल्या चहाला तो गाडीबद्दल बोलतो. दुसऱ्या चहाला स्वतःबद्दल बोलायला लागतो. संध्याकाळी गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, गोष्ट मात्र आमच्या मोहाच्या झाडाखालीच राहते!

आमचं गॅरेज चामोर्शी रोडवर आहे. मी आणि माझे भागीदार सलीमभाई. कॉम्प्युटरवाल्या नव्या गाड्या आमच्याकडे फिरकत नाहीत. येतात ती जुनी डिझेल इंजिनं. त्यांचं एकच दुखणं असतं, "भाऊ, डिझेल भल्लं पिऊन राह्यलं!"

आता डिझेल सिलिंडरात कधी फवारायचं, याची एक वेळ असते. लवकर फवारलं तर इंजिन ठोके मारतं, उशिरा फवारलं तर धूर सोडतं. दोन्हीकडून डिझेल वाया जातं. ती वेळ जुळवणं, म्हणजे टायमिंग करणं, हेच आमचं काम. चाकावरच्या खुणा मी जुळवतो. मग इंजिन चालू करून सलीमभाई डोळे मिटून उभे राहतात.

एकदा एक शेतकरी आपला पाण्याचा पंप घेऊन आला. सलीमभाईचे डोळे मिटलेले पाहून तो घाबरला. मला हळूच म्हणाला, "भाऊ, हे तं झोपले जी!"

सलीमभाई डोळे न उघडता म्हणाले, "मी नाई झोपलो. तुमचं इंजिन झोपेतून दचकून उठून राह्यलं. थोडं उशिरा उठवतो त्याले!"

*

सिरोंच्याकडचा एक म्हातारा ड्रायव्हर जुना ट्रक घेऊन आला. त्याला फक्त तेलुगू येत होती. आम्हाला तेलुगूतलं जेवणापुरतंही येत नाही. आता याच्या ट्रकला झालंय काय, ते कळणार कसं?

म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला, मान वर केली आणि तोंडानं इंजिन चालू केलं. "डुगडुगडुग... टक! डुगडुग... टक!"

सलीमभाईंनी मान हलवली. बोट वर करून विचारलं, "टक-टक-डुग?" म्हणजे चढावर होतं का?

म्हातारा खुश झाला. "डुग! डुग-डुग-टक!"

बराच वेळ दोघं असे बोलत बसले होते. एकमेकांचं ऐकून हसतही होते. आमच्या शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या पंचफुलाबाई केटली घेऊन आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "विलासभाऊ, यायले चहा देऊ, का डिझेलच आणू?"

*

बंडूभाऊची राईस मिल. इंजिन त्याच्या वडिलांच्या काळातलं. असं ठोकायचं की मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आम्ही डिझेलच्या पंपाखाली एक पातळ पत्री वाढवली, डिझेल थोडं उशिरा पडायला लागलं, ठोका गेला. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. बंडूभाऊचा डिझेलचा कॅन पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरायला लागला. माणूस आनंदात!

पुढच्या आठवड्यात त्याची आई, सोनाबाई, एकटीच एसटीनं गॅरेजवर आली. बसली. पाणी प्यायली. म्हणाली, "बाप्पा, तो ठोका परत देऊन द्या."

"काऊन जी?" मी विचारलं.

"लग्न होऊन आली तवापासून दुपारी त्याच ठोक्यावर डोळा लागते माहा. आता घर सुनं सुनं वाटते. झोपच नाई येत!"

मी तिला डिझेलचा हिशोब समजावून सांगितला. तिनं सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "ते बंडूले सांग. मले झोपेचं सांग."

सलीमभाई तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "माय, ठोका गेला, आवाज नाई गेला. जवळ जाऊन ऐका, मंग सापडते."

महिन्याभरानं मी मिलवर गेलो. कोंड्याची सोनेरी धूळ उन्हात तरंगत होती. इंजिन मऊ आवाजात चाललं होतं. त्याच्या शेजारी बाज टाकून सोनाबाई गाढ झोपलेली. आणि बंडूभाऊ आलेल्या गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून सांगत होता, "हळू बोला जी, माय झोपली हाये!"

*

एका लग्नात जनरेटर पांढरा धूर सोडत होता. मंडपवाल्यानं आम्हाला बोलावलं. गेलो तेव्हा सूर्य बुडत होता. धूर जमिनीलगत पसरून मंडपाच्या मागच्या शेतापर्यंत गेला होता. पाहुणे खोकत होते.

डिझेल उशिरा पडत होतं. इंजिन थांबवलं, पंपाखालची एक पत्री काढली, परत चालू केलं. दोन-चार भकाभक झाले आणि धूर गेला. मंडपवाला म्हणाला, "वाचवलं!"

तेवढ्यात शेताकडून फोटोग्राफर धावत आला. त्याच्यामागं नवरदेव, नवरदेवामागं शालू सावरत नवरी. फोटोग्राफर रडकुंडीला आलेला!

"भाऊ, माहे ढग कुठी गेले? आत्ता तं दोघंही ढगात चालून राह्यले होते!"

सलीमभाईंनी नवरीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. मुकाट्यानं पाना घेतला, पत्री परत टाकली आणि पाहुण्यांना म्हणाले, "थोडं खोकून घ्या जी. लग्न एकदाच होते!"

*

घुग्घुसहून कोळसा वाहणाऱ्या एका जुन्या ट्रकचं टायमिंग आम्ही केलं. आवाज सुरेख, धूर नाही. तरी मालकाचा फोन आला, "अवरेज काहीच नाई वाढला!"

मला काही उमजेना. शेवटी मी स्वतःच ड्रायव्हर गजाननभाऊच्या शेजारी जाऊन बसलो. ट्रक रिकामा परत चालला होता. राजुऱ्याच्या अलीकडे त्यानं डांबरी रस्ता सोडला आणि गाडी झाडीत घातली. बरंच आत गेल्यावर एक तलाव लागला. कमळांनी भरलेला. गजाननभाऊनं इंजिन बंद केलं. त्याच्या भुवयांवर कोळसा होता, पापण्यांवर कोळसा होता. तो काठावर जाऊन नुसता बसला. लांब शेपटीचा एक पक्षी पानांवरून चालत होता, पाण्याला धक्काही न लावता.

"रोज येतोस?"

"रोज येतो जी. दिवसभर डोळ्यात काळंच काळं जाते. इथी धुऊन घेतो."

मी म्हटलं, "अरे, एवढा फेरा घातल्यावर अवरेज कसा पडणार?"

तो माझ्याकडं आश्चर्यानं पाहायला लागला. "काऊन नाई पडणार भाऊ? इथी तं मी इंजिन बंदच ठेवतो!"

मालकाला मी फोन केला. म्हटलं, "इंजिन जुनं आहे. एवढं चालायचंच."

*

वैनगंगेवर किसनभाऊची नाव आहे. नावेला जुनं पंपाचं इंजिन बसवलेलं. ते डिझेल फार खातं म्हणून हिवाळ्यात एकदा आम्ही पलीकडच्या तीरावर जाऊन टायमिंग केलं. सकाळी त्याच नावेनं परत निघालो. निघता निघता रंजना नावाची एक बाई आली, दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या. सोबत तिची सासू. त्यांना अलीकडं येऊन दवाखाना गाठायचा होता. अलीकडच्या घाटावर तिच्या भावाला तसा निरोप गेला होता.

मधोमध आलो आणि धुकं उतरलं. नावेचं टोक दिसेना. किसनभाऊनं इंजिन बंद केलं. "काठावरचा आवाज ऐका जी. कोंबडा, कुत्रा, काहीही." प्रवाहाच्या खालच्या बाजूला दगडांची रांग होती. नाव तिकडं सरकली तर फुटलीच समजा.

काही ऐकू येईना. रंजना सासूचा हात धरून दात आवळून बसली होती. पाणी नावेला हळूहळू ओढत होतं.

मग समोरून आवाज आला. डुग... डुग... डुग...

सलीमभाईंनी आधी आमच्याच इंजिनावर हात ठेवला. गरम होतं, पण बंद. किसनभाऊ कुजबुजला, "या घाटावर माह्याशिवाय कोणाचं इंजिन नाई."

"वल्हव," सलीमभाई म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि हातानं दिशा दाखवत राहिले. थोडं डावीकडं. सरळ. आता सरळच. किसनभाऊ आणि मी वल्हवत होतो. आवाज जवळ येत होता, शांत, एकसारखा. नावेचं टोक वाळूत रुतलं आणि आवाज थांबला.

काठावर रंजनाचा भाऊ आणि चार माणसं खाट घेऊन उभी होती. त्यांनी तिला खाटेवर घेतलं. मी विचारलं, "इथं कोणाचं इंजिन चालू होतं?"

"इंजिन? नाई जी. आमी केव्हाचे कान देऊन उभे हाओ. काहीच ऐकू नाई आलं."

धुकं विरेपर्यंत आम्ही घाटावरच बसलो. काठ दूरवर रिकामा होता. रंजनाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असा निरोप आला तेव्हा ऊन पाण्यावर उतरलं होतं. किसनभाऊनं नदीला हात जोडले.

सलीमभाईंनी हत्यारांची पिशवी खांद्यावर घेतली. मग मला म्हणाले, "कोणाचं होतं माहीत नाई, विलासभाऊ. पण टायमिंग एकदम बरोबर होतं!"