दोन पांढऱ्या आणि एक लाल पट्टी

तिला टाचणी म्हणायचे, कारण ती बोलायचीच मुळी ओठांत टाचण्या धरून. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा, आणि दिवसभर गिऱ्हाइकांची मापं. "हात वर करा. पोट आत ओढू नका, घरी गेल्यावर ते बाहेरच येणार आहे," असलं सगळं ती दातांच्या फटीतून बोलायची. तोंडातल्या टाचण्या तिने काढल्या की काहीतरी बिनसलंय, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी तिने त्या काढल्या आणि कुठे ठेवल्या तेच तिला आठवेना.

मागच्या अंगणात सासूबाईंची पांढरी कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती, आणि बाकीच्या सगळ्या मिळून तिच्या पायावर तुटून पडल्या होत्या. तांबड्या दोघी, पायांवर पिसं असलेली काळी, उघड्या मानेची भांडकुदळ, आणि टाचणीची स्वतःची पांढरीसुद्धा. टाचणीने झाडूने त्यांना हाकललं, जखमी कोंबडी पदराखाली घेतली. बोटांना ओलं लागलं.

कोंबड्या तिने याच वर्षी पाळायला घेतल्या होत्या, आणि त्याही चिंध्या जमवाव्यात तशा, जिथून जशी मिळाली तशी एकेक. सासूबाई आल्या त्या आपली पांढरी काखेत मारूनच. महिन्याभरापूर्वी त्या आपल्या घरी स्वयंपाकघरात पडल्या, दिवसभर फरशीवर तशाच. टाचणी सहज भेटायला गेली म्हणून कळलं. तेव्हापासून टाचणीचा नवरा, जो लिफ्ट दुरुस्त करतो आणि दहाव्या मजल्यावर दोराला लटकून शीळ घालतो, तो आईचा विषय निघाला की घाबराघुबरा व्हायचा. कशाबशा त्या इथे आल्या, पण अट घालून. "पांढरीला मानवलं तर मला मानवेल. नाहीतर मी माझ्या घरी." कपडे आणलेली झाकणाची वेताची टोपली त्यांनी अजून रिकामी केली नव्हती. एकेक कपडा वरून काढायचा, धुऊन पुन्हा आत ठेवायचा. आणि आज संध्याकाळी त्यांचा भाचा टेम्पो घेऊन विचारायला येणार होता, आत्याला परत न्यायचंय का.

टाचणीने काही कमी केलं नव्हतं. खाद्यवाल्याने सांगितलं होतं, नवी कोंबडी एकदम सोडू नका, मधे जाळी लावा, आधी एकमेकींना नुसतं बघू द्या. तिने जाळी लावली. डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सकाळी जाळी काढली तेव्हा सगळं शांत होतं.

मग तिने पडद्याआड कोंबडीचा पाय धुतला आणि कात्रीने पट्टी कापली. आणि हात तसाच थांबला.

पट्टी लाल होती. तिनेच सकाळी बांधलेली, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेली. दोन पांढऱ्यांत सासूबाईंची कोणती, हे तिला कळायचंच नाही. एकदा खुराडं झाडताना भलतीच उचलून दिली, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोकांच्या अंगाचं माप नजरेनं घेतेस, आणि दोन कोंबड्या ओळखता येत नाहीत?" म्हणून ही खूण. बाकीच्या त्या लालवर चोची मारत सुटल्या होत्या.

"आहात का?" पुढच्या दारातून शाळेतल्या बाई आत आल्या. "ड्रेस घालून बघते."

"इथेच बघा, कपड्यांवरून."

"इथे? दारात? आणि तो पडदा?"

"पडदा धुवायचाय."

पडद्याआडून आवाज आला. कुक्.

बाई थांबल्या. "तुमच्या पडद्याचा घसा बसलाय."

"हात वर करा," टाचणी म्हणाली. ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी आवाज दातांतूनच आला.

तेवढ्यात मागून चपला फरफटत आल्या. सासूबाईंची झोप झाली होती. "सूनबाई, पांढरी दिसत नाही."

"आहे की आई. पाण्यापाशी."

"ती तुझी. माझी कुठाय?"

टाचणीच्या मनात सगळं एका दमात येऊन गेलं. उडाली म्हणावं. मांजराने नेली म्हणावं. मग संध्याकाळी टेम्पो, ते रिकामं घर, ती फरशी. शाळेतल्या बाई हात वर करूनच उभ्या होत्या. खाली करायचं त्यांना सुचलं नाही.

टाचणीने पडदा बाजूला केला.

सासूबाई हळूहळू खाली बसल्या. कोंबडीचा पाय पाहिला. मग जमिनीवरची पट्टी उचलली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"कशाला?"

"मला अजून ओळखता येत नाही, आई. ते तुम्हाला कळू नये म्हणून."

बाहेर हॉर्न वाजला. भाचा वेळेआधीच आला होता.

"आत्या," दारातून भाच्याने हाक मारली, "निघायचं ना? गाडी आडवी लावलीय, लोक शिव्या देतायत."

"देऊ देत," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "जांभळं औषध आहे घरात?"

"आहे. सुई बोटात गेली की लावते."

"आण. लाल रंग झाकला पाहिजे. पट्टीला टोचता टोचता रक्त आलं, आणि रक्त दिसलं की त्या थांबत नाहीत. आणि हिला ठेवायला काहीतरी बघ. झाकणाचं. आत वारा जाईल असं."

टाचणीने इकडेतिकडे पाहिलं. पेटी बंदिस्त, बादली उघडी. नजर आतल्या खोलीत पलंगापाशी गेली आणि तिने ती लगेच वळवली. पण सासूबाईंनी पाहिलं होतं.

त्या उठल्या, आत गेल्या, आणि टोपली पलंगावर सरळ उपडी केली. लुगडी, शाल, चष्म्याचं घर, औषधांची पुडकी, सगळ्याचा ढीग.

"आत्या, मी काय करू?"

"घरी जा. तुझ्या गाडीत मावेल एवढं माझ्याकडे काही उरलं नाही."

जांभळ्या पायाची कोंबडी टोपलीत बसली, आणि टोपली खुराड्याच्या जाळीला टेकवून ठेवली, बाकीच्यांना दिसेल अशी.

"जगेल ना?" टाचणीने विचारलं.

"उद्या दाणे टिपले तर जगेल. इकडे ये. तुरा बघ दोघींचा. हिचा कुठल्या बाजूला पडतो?"

"डावीकडे."

"आणि तुझ्या पांढरीचा?"

"सरळ आहे. थोडा उजवीकडे."

"झालं मग." सासूबाई आत वळल्या. "त्या कपड्यांना कप्पा दे एखादा. वरचा नको, हात पुरत नाही."

टाचणीने गिऱ्हाइकांच्या कापडांचा खालचा कप्पा भराभर रिकामा करायला घेतला. पुढच्या खोलीतून शाळेतल्या बाईंचा आवाज आला.

"मी हात खाली करू का आता? आणि त्या तुमच्या टाचण्या, मघापासून सांगायचं होतं, तुमच्याच बाहीत आहेत."