पन्नासांतलं कुठलं तरी एक

वॉटफर्डच्या आमच्या घरातली सगळ्यात लहान खोली माझी. तिथे मी रायफलची काडतुसं भरते. नेमबाजीच्या क्लबातल्या एका रिटायर्ड ग्लासगोकर आजोबांनी ते मला शिकवलं. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाशी ठिणगी पाडणारं नवं प्रायमर बसवायचं, बंदुकीची दारू तोलून घालायची आणि वर गोळी. "हे करताना रेडिओसुद्धा नको," ते म्हणायचे.

त्या शनिवारी दुपारी मी फोन जवळ ठेवला. पुण्याहून आईचा कॉल आला, बाबांना चक्कर आली होती. आता बरे आहेत म्हणाली, पण मी उठून खिडकीपाशी गेले. परत बसले आणि काम पुढे चालू केलं. पन्नास काडतुसं झाल्यावर ती कुलपात ठेवली.

जिना उतरताना एकदम थबकले. कॉल आला तेव्हा हातातल्या पुंगळीत दारू घातली होती की नव्हती? की परत येऊन दुसऱ्यांदा घातली? घातलीच नसेल, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकणार, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटणार. दोनदा घातली असेल, तर पहिल्याच बाराला.

"अगं, वजन करून बघ ना," नवरा म्हणाला.

करून पाहिलं. पण सरावासाठी दारू थोडीच घातलेली, आणि पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. वजनं मुळातच कमी-जास्त. काही कळेना. आजोबांना फोन लावला.

"नक्की कुठलं, ते सांगता येईल?"

"नाही."

"मग सगळी उघड. आज नको, आज तुझं लक्ष ठिकाणावर नाही. उद्या सकाळी, डोळ्यांवर चष्मा लावून."

ती रात्र कशी गेली, विचारू नका. रविवारी हातोडीसारख्या अवजारात एकेक काडतूस अडकवून आपटायला लागले. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटायची, मागोमाग दारू. नवरा दाराबाहेर उभा होता. दर वेळी विचारायचा, "हं?" मी म्हणायचे, "आहे, बरोबर आहे."

एकतिसाव्याला गोळी सुटली, पण दारूचा एक कणही पडला नाही.

मी पुंगळी उलटी करून पाहिली, बोटाने टिचकी मारली. रिकामी. दार उघडून नवऱ्याला दाखवली. मग उरलेली एकोणीसही उघडली. ती ठीक निघाली. आजोबांना सांगितलं, तर त्यांनी आधी तेवढंच विचारलं, "पुढची उघडलीस ना?"

पुढचे तीन आठवडे त्या खोलीत गेले नाही. नंतर भरायला बसले, तेव्हा गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या एका ओळीत उभ्या करून आत टॉर्च मारला. दोनदा. क्लबच्या रेंजवर पहिला बार काढला. खांद्याला नेहमीसारखा धक्का बसला, समोर कागदाला भोकही पडलं. तरी मी थांबले, रायफलच्या मागचा बोल्ट काढला आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिलं.