रॉकवाल्याले कुंकू

शेजारी तीळ भाजून राहिले आहेत. त्या वासानं मले बायकोचं शेवटचं हळदीकुंकू आठवलं. इलाजापायी तिचे सारे केस गेले होते, तरी तिनं कॉलनीतल्या बायका बोलावल्याच. भिंतीवर तिच्या आवडत्या माणसाचा फोटो होता, लांब केस, दाढी, काळे कपडे. आधी गिटार घेऊन रॉक गाणारा, मग ते सोडून भुताचे सिनेमे काढणारा. पहिल्या बाईनं त्याले कोणी बुवा समजून कुंकू लावलं, हात जोडले. मग सगळ्यांनीच लावलं. बायको हासून हासून बेजार. "बुवा नाही वं, भुताचे सिनेमे काढते तो!" एक म्हातारी चिडली, "अशा बिमारीत भुतं काहून पाहतं वं?" बायको म्हणाली, "गाणं सोडलं तेव्हा लोक त्याले हासले, पण तो भ्याला नाही. अन् त्याच्या सिनेमात माणसाले जोरात ओरडता येते. दवाखान्यात मले गप पड म्हणतात." म्हातारी उठली अन् फोटोले अजून एक बोट कुंकू लावून आली. आता ते सिनेमे मी एकटाच लावतो. भूत यायच्या आधीच झोप लागते. घाबरायले बी सोबत कोणी लागते.