तिच्या लेखातलं माझं मराठी

नारायणगुड्यातल्या आमच्या महिला वाचक मंडळाचा वार्षिक अंक बरीच वर्षं मी काढत होते. कोठी भागातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालेली, घरात तीन पिढ्या वकील नि मास्तर. त्यामुळे 'शुद्धलेखन ताईंकडे' हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

मंडळात एक बाई यायच्या. माहेर बिदरकडचं, शेतकऱ्याचं. नवऱ्याचं आबिड्सला शिलाई मशीनच्या पार्टांचं दुकान. दर बैठकीला मागच्या खुर्चीत बसायच्या आणि कधी तोंड उघडायच्या नाहीत. एका वर्षी त्यांनी वहीची चार पानं माझ्या हातात दिली.

"बघा ताई, जमतंय का. नाही जमलं तर फेकून द्या, मी नाराज होणार नाही."

वडील वारल्यावर भाऊ त्यांना तहसील कार्यालयात घेऊन गेला आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली, ती हकीकत होती. त्यांनी लिहिलं होतं : 'भावानं बोट दाखविला, मी सही केले. कायकू म्हणून इचारले नाही. भाईर आल्यावर त्यानं मिर्ची भज्जी खिलवला. मी खाल्ले. लई चांगली होती.'

मी लाल पेन घेऊन बसले. 'बंधूंनी दर्शविलेल्या ठिकाणी मी स्वाक्षरी केली आणि नियतीपुढे नतमस्तक झाले,' असं केलं. 'कायकू' गेलं, आणि त्याच्याबरोबर ते सबंध वाक्यच गेलं. भज्जीही काढली. एवढ्या गंभीर प्रसंगात ती बरी दिसेना. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. आपण त्यांच्यावर उपकारच करतोय, असं वाटत होतं.

अंकाच्या प्रकाशनाला त्यांना लेख वाचायला उभं केलं. दुसऱ्याच ओळीत त्या अडल्या. 'नतमस्तक' त्यांच्या तोंडून 'नतमसक' असं निघालं. बायका हसल्या. मीही हसले. त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, जणू चुकून दुसऱ्याच कुणाचं हातात आलंय, आणि अर्ध्यावरच खाली बसल्या. 'घाबरल्या बिचाऱ्या,' मी शेजारणीला म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी हैतीतल्या लेखिकांवर बोलायची माझी पाळी आली. त्यांची पुस्तकं मी इंग्रजीतून वाचत होते आणि वाचून भारावले होते. मी मंडळाला सांगितलं, की तिथं घराघरात क्रिओल बोलतात, पण शाळा, कोर्ट, सरकारी कागद यांवर वर्षानुवर्षं फ्रेंचचं राज्य होतं. बायकांनी संघटना बांधली, स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, मताचा हक्क मागितला. लिहिलं म्हणून कुणाला देश सोडावा लागला. आणि शेवटी मी आवाज चढवून म्हणाले, "ज्या भाषेत बाई रडते, भांडते, त्या भाषेला अडाणी म्हणणं म्हणजे त्या बाईचं तोंड दाबणं!"

टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीतून हात वर आला.

"ताई, त्या बायांचं लिखाण छापायच्या आधी कोणी दुरुस्त केलं का?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. माझे कान तापले. 'तुमचं मी केलं,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "त्याची काही माहिती नाही मला," आणि घाईघाईने चहा आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मला बघून गडबडून उठल्या, खुर्ची पुसून दिली. ते मला आणखीच लागलं.

"तुमचा लेख मी बिघडवला," मी म्हणाले. "अंक निघाल्यावर परत दिलेली मूळ पानं असतील तर द्या. जशीच्या तशी छापते."

"ती? फाडून टाकले की. चुकीचं होतं ना सगळं."

"चुकीचं नव्हतं हो. परत लिहा. मी हात लावणार नाही."

त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"लिहून बघितले ताई. तुमचं भाषण व्हायच्या आधीच. पण आता पेन हातात धरलं की तुमचे शब्द येतात. माझे कुठं गेले, समजंना."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, तुम्ही चांगल्यासाठीच केला." एक शिवी दिली असती तर मी हलकी होऊन घरी आले असते.

पुढच्या अंकात मी पहिल्या पानावर निवेदन दिलं : मागच्या अंकातल्या त्या लेखाची भाषा लेखिकेची नव्हती, ती संपादिकेने न विचारता घातली होती, आणि लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तिनेच खोडलं होतं. ते 'कायकू'चं वाक्यही छापलं, आठवत होतं तसं. मग संपादन सोडलं. दोघी-तिघींनी फोन करून 'एवढं मनाला कशाला लावून घेता' म्हटलं. लेख लिहिणाऱ्या बाईंचा फोन आला नाही. बैठकीला मात्र त्या येत राहिल्या. लेख काही त्यांनी पुन्हा दिला नाही, मला नाही आणि नव्या संपादिकेलाही नाही.