काशीराम आणि तळ्याचा उतार

सावर्ड्याचा काशीराम पंधरा वर्षं दर गुरुवारी हर्णेचे सुके बोंबील सायकलीला बांधून आमच्या डोंगरावरच्या वाडीत विकायला यायचा. रानातली ती वाट धड चालू देत नाही. हा पठ्ठ्या तिथे सायकल हाणायचा. मी वाडीतल्या शाळेचा मास्तर, मला नुसतं बघूनच घाम फुटायचा.

१९८४च्या भाद्रपदात वाडीने ठरवलं, डोंगरातल्या तळ्यात मासे सोडायचे. आदल्या वर्षी डोक्यावरून आणलेली पिल्लं वाटेतच मेली होती. "औंदा काशीरामच आनील," वाडीतल्या कर्त्या म्हातारीने, सोनूबाईने, भर बैठकीत सांगून टाकलं. तो हो म्हणाला. तळ्यात ताजी मासळी झाली की याचे बोंबील कोण घेणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पिल्लं भरलेला दुधाचा कॅन कॅरियरला आवळून, त्याच्या तोंडाला फडकं बांधून आम्ही दोघे सकाळी सावर्ड्याहून निघालो. तान्हं मूल न्यावं तशी त्याने सायकल चढावर ढकलत नेली. खिंडीत फडकं सोडलं, तर बोटाच्या पेराएवढी पिल्लं सगळी वर येऊन तोंडं वासत होती. काही उताणी झाली होती.

"पानी अजिबात न हलवता आनलं आपन," काशीराम म्हणाला. "पानी हललं तरच त्यांना दम मिळतो. बापूस माझा पिल्लांची हंडी हलवीतच चालायचा."

मी कॅनला हात घातला.

"हातानं किती हलवाल, गुरुजी? तळं चालत अर्धा तास खाली हाय. दगडांतनं सायकल मारली तर जित्ती पोचतील."

पण तो उठला नाही. दगडावर बसून राहिला. "हळूहळू नेली नि मेली, तर मला कोन बोलनार? म्हनतील, बिचाऱ्यानं किती जपून नेली."

घरी त्याची चार पोरं होती, बोंबलांवरच जगणारी. मी हातानेच पाणी हलवीत राहिलो, तो बघत होता. आणखी एक पिल्लू उताणं झालं.

"हट् मेल्या!" असं स्वतःलाच ओरडून तो सायकलीवर बसला.

वाट शेवाळलेली, मुळं आडवीतिडवी. तो मुळांवर सरळ चाक घालत होता, ढुंगण सीटच्या मागे, ब्रेक फक्त मागचा. कॅन खडखडत होता. मी धावत होतो, पडत होतो. मोठ्या पायरीदगडावर त्याचा ब्रेक सुटलेला मला दिसला. त्याने टाच मागच्या चाकावर दाबली आणि तसाच वळणाआड गेला. मग एक दणका. मग कॅनचा आवाज बंद.

मी बोंबलतच खाली पोचलो.

सायकल काठावर आडवी पडली होती. काशीराम गुडघाभर पाण्यात उभा होता, कपाळ फुटलेलं, टाच सोलपटलेली. त्याने कॅन तिरका धरला होता आणि पिल्लं वळवळत तळ्यात उतरत होती. थोडी मेली होती, बाकी सगळी जिवंत.

काठावर जमलेली वाडी नाचायला लागली. सोनूबाईने पदराने त्याच्या कपाळाचं रक्त पुसलं. "गुरुवारी येशील ना रे?" तिने विचारलं.

"काय घेऊन येऊ?" काशीराम म्हणाला.

सोनूबाईचा हात थांबला. तिने तळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या सायकलीच्या रिकाम्या कॅरियरकडे.