अमावस्येची मैफल

अमावस्येला मागाला हात लावायचा नाही आणि पोरींनी तर कोणत्याच दिवशी मागावर बसायचं नाही. काहून? विचारायचं नाही! आमच्या विणकरांच्या घरातला हा नियम. आणि आता काय सांगू, त्या अमावस्येनंच माझी कशी फजिती केली!

संगीतात बीए करून मी मोहाडीला परतले. घराची बाहेरची खोली मिळाली, तर लहान मुलांचा गाण्याचा क्लास काढायचा होता.

माझे आजोबा, म्हणजे आबाजी, म्हणाले, "लहान पोट्ट्यांले गाण्यातलं काय समजते वो?"

"काय म्हणता! पिंकी रोज डोलते माझ्या गाण्यावर!"

पिंकी माझी भाची. अजून धड उभंही राहता येत नाही. पण सकाळी मी पेटी घेऊन बसले, की ही अशी मान हलवते, जणू मागच्या जन्मीची तबलजी!

"बरं, दाखव. डोलली त खोली तुयी."

सगळ्यांना सवड कधी? अमावस्येला. ठरलं!

वरठीहून आत्याबाई आली. चहा झाला. मी सूर लावला. पिंकीनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं! बँकेतल्या साहेबासारखं. मी पट्टी चढवली. तिनं ओठ काढले. मी टाळ्या वाजवल्या, माना हलवल्या. आता मीच डोलत होते! पोरीनं भोकाड पसरलं.

"भूक लागली असन," बाबा म्हणाले.

"भूक कायची? भेऊन राहिली ना पोट्टी हिले!" आत्याबाईनं पिंकीला उचललं.

मला काही कळेना. तीच पेटी, तोच सूर, तीच पोरगी. मग बिघडलं काय? घर इतकं शांत का वाटतंय?

माग! रोज मी गाताना भिंतीपलीकडे आबाजींचा माग चालू असतो. खटक-खट, खटक-खट! जन्मापासून ऐकत आल्यामुळे मला तो ऐकूच येत नाही. म्हणजे ही बया इतके दिवस...?

उठले आणि तडक मागावर जाऊन बसले. पायाखालची फळी दाबली, दोरी ओढली. खटक-खट! दोन धागे तुटले. मागोमाग सगळे धावत आले. आत्याबाईच्या खांद्यावर पिंकी गप्प झाली आणि मान डोलवायला लागली.

"उतर!" आबाजी ओरडले. "अमावस्या हाय आज! अन् पोरीची जात, मागावर बसते?"

"नाही उतरत! काहून उतरू, ते आधी सांगा!"

मी दोरी ओढतच राहिले. हळूहळू सगळे चिडीचूप. कोणी हूं की चूं करेना. माझी छाती अशी फुगली म्हणता! ऐटीत वळून पाहिलं.

तिघांचंही बोट ओठांवर. पिंकी खांद्यावर गाढ झोपलेली.

"बस तिथंच," आबाजी कुजबुजले. "चालव आणखी जरासा. फक्त गाऊ नको, माय."