बत्तीस मात्रा गप्प

लवळ्याचा अर्धा उतार संपला होता. पुढं चालणारी निखत एकदम रस्त्याच्या कडेला थांबली, क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली आणि ओरडली, "तेहतीस! ताई, बरोब्बर आले!"

मागून येणाऱ्या हेमलताला धाप लागली होती. "आगं, पण आलीस कुटं?"

"माझ्या सुरावर! बत्तीस पावलं गप ऱ्हायचं, तेहतिसाव्याला वाजवायचं."

एवढं बोलून ती पुन्हा मोजायला लागली. तेवढ्यात शेजारी एक रिक्षा हळू झाली. "पिरंगुट का? बसा, दोन जागा हायेत." निखतनं तोंड न उघडता नुसतं बोट वर केलं. रिक्षावाल्यानं हेमलताकडं बघितलं. "मावशी, पोरगी मुकी हाय का?"

"न्हाई रं बाबा. मुकं व्हायला शिकतीय."

हेमलता टेकडीवरच्या विद्यापीठात ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करायची. राहायला कासार आंबोलीला. निखत त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, घर पुढं पौडला. दोघींची संध्याकाळची बस पिरंगुटहून एकच, त्यातून ओळख झाली होती. त्या आठवड्यात मात्र पोरीनं टेकडीवरून पिरंगुटपर्यंत चालत जायचा हट्टच धरला, आणि एकटीला कशी जाऊ द्यायची म्हणून हेमलताही रोज पाय ओढत तिच्या मागं.

हट्टाला कारण होतं. निखतचे वडील मोहिद्दीन हे पौडचे बँडमास्तर. ती बारा वर्षांची असताना ऐन लग्नात त्यांचा एक क्लॅरिनेटवाला आला नाही. घरात पोरीनं वाद्य तोंडाला लावलेलं त्यांनी ऐकलं होतं. जरीचा कोट तिच्या गुडघ्याखाली जात होता, टोपी डोळ्यांवर येत होती. तरी त्यांनी तिला रांगेच्या शेवटी उभं केलं. त्या दिवशी बावधनच्या वरातीत ती अडीच तास चालत वाजवत होती. तेव्हापासून बँडचा एकच नियम तिच्या अंगात मुरला. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत सूर तुटता कामा नये. एकानं पाणी प्यायला तोंड काढलं की शेजारच्यानं लगेच त्याची जागा भरायची.

"माझा सूर आजवर एकदा पन तुटला न्हाई, ताई," ती छाती काढून सांगायची.

आणि नेमकं तेच नडलं. विद्यापीठाच्या वाद्यवृंदात तिची निवड झाली ती तिच्या दमावर. वाद्यवृंद बसवणारे निषाद सर पहिल्या दिवशी खूश झाले होते. मग तालीम सुरू झाली. सरांनी स्वतः बांधलेल्या रचनेत एक जागा अशी होती की सगळी वाद्यं थांबतात आणि बत्तीस मात्रा सायलीची बासरी एकटीच वाजते. बासरी सुरू झाली, आणि दहाव्या मात्रेला निखतची क्लॅरिनेट तिच्याखाली शिरली.

सरांनी सगळ्यांना थांबवलं. "निखत, इथं तू वाजवायचं नाहीये."

"पन सर, तितं कुणीच वाजवत न्हाई!"

"सायली वाजवतेय ना."

"ती एकटी पडलीय, सर. तिला कुणी आधार नको का द्यायला?"

सगळे हसले. सायलीसुद्धा हसली. पण दुसऱ्या तालमीला तेच झालं, तिसरीलाही तेच. पायानं ठेका धरून मोजावं, तर लाकडी मंच ढोलासारखा वाजायचा. पाय न हलवता खुर्चीवर बसलं की आकडा सुटायचा आणि पोकळी दिसली की श्वास आपोआप आत जायचा. शेवटी सर शांतपणे म्हणाले, "गुरुवारच्या तालमीत ती जागा रिकामी राहिली तर रविवारच्या कार्यक्रमात तू मंचावर. नाहीतर तुझा भाग मी दुसऱ्याला देईन."

म्हणून हे चालणं. पावलांवर तिचा आकडा एकदाही चुकत नव्हता. चुकायचा तो बसल्यावर.

पिरंगुटच्या थांब्यावर बसची वाट बघत दोघी कठड्यावर टेकल्या. निखतनं डोळे मिटून पुन्हा मोजलं आणि एकोणिसावर अडखळली. "गेलं! उद्या गुरुवार, ताई. मला काढणार."

हेमलताचा उजवा अंगठा सवयीनं बोटांवरून फिरत होता. सकाळी नामस्मरण राहिलं की ती ते थांब्यावर उभ्या उभ्या करायची. निखत त्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"ताई, तुमी पेरं मोजताय?"

"व्हय. चार बोटं, बारा पेरं."

"अंगठा धरत न्हाई?"

"अंगठ्यानंच मोजायचं, त्याला कसा धरू?"

"आमची दादी धरते!" निखत ताडकन उठली. "नमाज झाली की ती तेहतीस मोजते, ताई, पेरांवर! अंगठ्याची तीन तर्जनीनं, म्हंजे एका हाताची पंधरा. दोन फेऱ्या झाल्या की तीस, वर तीन. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून तिची बोटं मोजलीत. हे मला झोपेत पन येतं!" तिनं उजव्या हातात पेटी धरली आणि डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून पळवला. दोन फेऱ्या, एकतीस, बत्तीस. तेहतिसाव्या पेराला ती एवढ्या जोरात ओरडली की थांब्यावरची दोन माणसं मागं सरली.

"दादीला सांगू नका हां. तिचं मोजणं मी कुटं वापरतीय ते."

"देवासाठी मोजायला शिकलीस, ते वाया कसं जाईल?" हेमलता म्हणाली. आली तेव्हा बस खच्चून भरलेली होती. निखत पौडपर्यंत उभीच होती, आणि तिचा अंगठा थांबला नाही.

गुरुवारी दुपारी हेमलता रजिस्टर बगलेत धरून तालमीच्या दाराशी उभी राहिली. कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं हे तिनं ठरवलंच नव्हतं. रचना सुरू झाली. सगळी वाद्यं थांबली. बासरी एकटी उरली. निखतनं क्लॅरिनेट उजव्या हातात मांडीवर धरली होती, डावा अंगठा पेरांवर सरकत होता. दहावी मात्रा गेली. विसावी गेली. हेमलतानं मनात देवाचं नाव घेतलं. सरांनी निखतकडं मान वळवलीसुद्धा नाही. तेहतिसाव्याला क्लॅरिनेट आली ती इतकी हळू की बासरीला धक्का लागला नाही.

रचना संपल्यावर सायली वळून म्हणाली, "आज पहिल्यांदा मला माझीच बासरी पूर्ण ऐकू आली गं!" निषाद सरांनी कागदावर निखतच्या नावापुढं खूण केली. म्हणाले, "रविवारी पाच वाजता. उशीर नको."

निखत पळत दारात आली आणि तिनं हेमलताला रजिस्टरसकट मिठी मारली. "जमलं, ताई! जमलं! अब्बांना फोन केला आत्ताच. सगळा बँड घेऊन येतायत, टेंपोतनं!"

मग तिचा चेहरा जरा गंभीर झाला. तिनं हेमलताचा हात दोन्ही हातांत धरला.

"ताई, एक काम कराल? तुमी अब्बांच्या शेजारी बसा. मी बत्तीस मात्रा गप बसलेली त्यांना बघवणार न्हाई. 'निखे, वाजव की गं!' म्हनून भरल्या सभेत उठतील ते. तेवढं त्यांना बसवून ठेवा."